पाठमोरी फाईल

१

दुपारच्या बाईंचा आवाज नाहीसा झालाय हे सगळ्यांत आधी त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं, आणि त्या भल्या माणसाला वाटलं, आपला कानच गेला.

ध्वनिसंग्रहालयाच्या ऐकायच्या खोलीत म्हातारा हेडफोन लावून बसला होता. खोली अशी की आत पाऊल टाकताच जांभई यावी. भिंतींना जाड गादीसारखं अस्तर, खिडकीला दुहेरी पडदा, त्यातून गाळून आलेला पिवळसर उजेड. बाहेरची दुपार आत येताना चपला बाहेर काढून यायची म्हणा ना.

समोर बारकी बसली होती. बारकी चांगली उंचनिंच होती, पण घरात शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव तिचा पिच्छा सोडत नव्हतं. संग्रहालयातल्या जुन्या ध्वनिफायली नव्या, खुल्या स्वरूपात आणायचं काम तिच्याकडे होतं. शहरातलं रेडिओ केंद्र बंद पडलं तेव्हा त्याची सगळी रेकॉर्डिंग इथे आली. ती ज्या स्वरूपात होती ते एका कंपनीनं स्वतःपुरतं बनवलेलं. पुढे कंपनी बुडाली आणि किल्ली तिच्याबरोबरच गेली. आता त्या फायली एकाच जुन्या संगणकावर उघडत, आणि तो संगणकही आज जाऊ की उद्या जाऊ करत होता. बारकी तिथून फायली काढून फ्लॅकमध्ये आणायची. फ्लॅक कुणाच्या मालकीचं नाही, त्याला कुलूप नाही, उद्या कुठल्याही यंत्रावर कुणीही ऐकावं.

आणि त्या फायलींमध्ये दुपारच्या बाई होत्या. त्यांचा कार्यक्रम 'पडल्या पडल्या'. दुपारची जेवणं झाली की बाई एक गोष्ट सांगायच्या आणि अख्खं शहर डोळे मिटायचं. त्यांच्या गोष्टी सगळ्यांना आवडायच्या, पण शेवट फार थोड्यांना ठाऊक होता. एका माणसानं मात्र त्यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं, तो म्हणजे त्यांचा नवरा. तो पाणी चढवायच्या केंद्रावर पंपांच्या घरघराटात असायचा. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. तो नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसला, तोवर त्याचा एक कान गेला आणि दुसराही निघायच्या तयारीत होता.

संग्रहालयानं नव्या फायलींची नावं जाहीर केली तेव्हा त्यातलं एक म्हाताऱ्याला दिसलं: 'शेवटची, पाठमोरी'. कधीच न लागलेलं रेकॉर्डिंग. त्या दिवसापासून त्याचं एकच चाललं होतं. कान आहे तोवर तेवढं एक ऐकवा.

"लावते हं आजोबा," बारकी म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान पुढे केली. थोडा वेळ गेला. मग आणखी थोडा. हळूच त्यानं हेडफोन चाचपला, कानावर दाबला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"गेला वाटतं," तो म्हणाला. "काल चांगला होता गं पोरी. आजच जायचा होता."

बारकीनं घाईनं दुसरा हेडफोन लावला. पान उलटल्याचा आवाज होता. मागे कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. खुर्ची करकरली. कुणीतरी बसलंय, कागद हाताळतंय, जवळच आहे. फक्त बोलत नाही.

"कान नाही गेला आजोबा. मलाही ऐकू येत नाहीये."

त्याला हे ऐकून बरं वाटावं की वाईट, तेच कळेना. बारकी मात्र धावत शेजारच्या खोलीत गेली. नव्या फाईलला काही झालं असलं तर मूळ फाईल होतीच की, जुन्या संगणकात. तिनं फोल्डर उघडलं. शेवटून दुसरी फाईल होती. तिच्याखाली काहीच नव्हतं.

२

"सरळ दिसतंय," संचालक म्हणाले. त्यांना सगळंच सरळ दिसायचं. "रूपांतर करताना तुम्ही आवाज घालवलात आणि अंगाशी येतंय म्हटल्यावर मूळ फाईलही उडवलीत."

"सर, मी कशाला..."

"मग कोणी? भुतानं?"

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरीची चिंता होतीच, पण डोळ्यांसमोरून हलत नव्हता तो म्हाताऱ्याचा हात, हेडफोन चाचपणारा. तिनं एकच शहाणपणा केला. मावशीला बोलावलं.

मावशी कान तपासायची. शहरातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना तिनं आपल्या काचेच्या खोलीत बसवून 'आवाज आला की बटण दाबा' म्हणून सांगितलं होतं, आणि न ऐकू आलेल्या आवाजाला बटण दाबणारे किती असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणूस खोटं बोलला की ती ओरडत नसे, वहीत टाचण करत नसे. नुसती थांबायची. तिच्या त्या थांबण्याला भले भले टरकत.

"आजोबा माझ्याकडेच येतात," ती आल्या आल्या म्हणाली. "त्यांच्या कानाला फार दिवस नाहीत बारके. त्यामुळे कोण चुकलं ते नंतर. आवाज कुठे आहे ते आधी."

तिनं ती मुकी फाईल लावली आणि खुर्चीत मागे रेलली. डोळे मिटले. बघणाऱ्याला वाटावं, बाई झोपल्या. खोलीतली दुपार तशीच जड झाली. पडदा हलायचा, थांबायचा. बारकीलाही वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नाच्या कडेला बसलोय आणि ज्याचं स्वप्न तो माणूस आतल्या खोलीत आहे.

"पान अगदी जवळ," मावशी डोळे न उघडता पुटपुटली. "घड्याळ लांब, भिंतीला. खुर्ची करकरतेय. अगदी मागे भिंतीवरून आल्यासारखी काहीतरी कुजबुज, शब्द नाहीत... बोलणं मात्र नाही." तिनं डोळे उघडले. "बारके, आवाज पुसायचा म्हटलं तर काय पुसलं जाईल?"

"सगळंच. पान, घड्याळ, सगळं."

"पान ठेवून बाई तेवढ्या पुसता येतील?"

"इतक्या सफाईनं? नाही मावशी. आपल्याकडे तर नाहीच."

"मग रडणं बंद कर. हा आवाज कुणी पुसलेलाच नाही."

३

त्या आठवड्यात जुन्या संगणकाच्या खोलीत बारकीखेरीज तिघंच गेले होते. स्वतः संचालक, रेडिओ केंद्राचे जुने रेकॉर्डिंगवाले अण्णा, आणि दुपारच्या बाईंची लेक. मावशीनं तिघांकडे जायचं ठरवलं. बारकी शेपटासारखी मागे.

संचालकांनी चहा मागवला. "मला काय मिळणार हो ती फाईल पळवून? उलट मी जाहीर कार्यक्रम ठरवलाय. मोठं सभागृह, दिवे मंद, आणि दुपारच्या बाईंचं कधीच न ऐकलेलं रेकॉर्डिंग. आता लोकांना काय ऐकवू, घड्याळ?"

"तुम्ही स्वतः ऐकलं होतं?"

"नवीन आलं की ऐकणार होतो. त्या जुन्या डब्यासमोर कोण बसतंय? त्याचा एक स्पीकर मेलाय, आणि काहीही लावलं की पहिलं वाक्य गिळतो."

हे बारकीलाही ठाऊक होतं. जुना संगणक फाईल वाजवायला घेतली की क्षणभर अडखळायचा आणि तेवढ्यात सुरुवात निघून जायची. फाईलमध्ये सगळं असायचं, यालाच ते पोचवता यायचं नाही.

"हे तुम्ही आजोबांच्या परवानगीनं ठरवलंत? सभागृहाचं?"

संचालकांनी चहात साखर जरा जास्तच वेळ ढवळली. "त्यांच्या मुलीला कळवलं होतं. म्हणून तर त्या आल्या होत्या इथे. मीच त्यांना जुन्या संगणकापाशी बसवलं, म्हटलं आईचं काहीबाही ऐका तोवर, मी फोन उरकतो."

लेक वडिलांकडेच मुक्कामाला होती. एरवी ती दुसऱ्या शहरात असे. कॉलेजपासून बाहेरच राहिलेली, आई गेली तेव्हा निरोप मिळाल्यावर धावत आलेली. दार तिनंच उघडलं. आतल्या खोलीत म्हातारा दुपारची झोप घेत होता, म्हणून तिघी स्वयंपाकघरात बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"मी खोलीत होते, नाही म्हणत नाही," लेक म्हणाली. "पण मी काही लावलंच नाही. मला यंत्रातलं काय कळतंय? पडद्यावरची नावं बघितली आणि उठले."

"आजोबांना फार लागलंय हो," बारकीनं न राहवून म्हटलं.

"लागू दे थोडं. मग विसरतील." लेकीनं ओट्यावरचं फडकं उचललं, झटकलं, पुन्हा तिथेच ठेवलं. "एका अर्थी बरंच झालं. इतक्या वर्षांनी आईचा आवाज ऐकायचा, आणि तोही असा बसलेल्या घशातला? नीट कान असते तरी त्यांना त्रास झाला असता."

मावशी थांबली. ते तिचं थांबणं. मग म्हणाली, "हो ना," आणि पाणी मागितलं.

बाहेर पडल्यावर बारकी म्हणाली, "ताईंना बिचाऱ्यांना वडिलांची काळजी आहे."

"आहेच," मावशी म्हणाली. "खूपच आहे. आता अण्णांकडे चल. मला त्यांना एकच गोष्ट विचारायचीय, त्या दिवशी बाईंचा घसा कसा होता."

४

अण्णांच्या घरी सगळी यंत्रं पोट उघडून पडली होती. मधल्या मोकळ्या जागेत अण्णा बसले होते, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर दुरुस्तीला आल्यासारखा भाव होता.

"या या. काय गं पोरी, माझ्या फायली हरवल्यास म्हणे?"

"मी नाही हरवल्या," बारकी फणकारली.

मावशी स्टुलावर बसली. "अण्णा, बाईंचं ते शेवटचं रेकॉर्डिंग. तुम्हीच केलंत ना?"

"मीच. बाकी कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, अण्णा, जरा आमच्या ह्यांच्यासाठी एक करायचंय, कार्यक्रमासाठी नाही. घसा पार बसला होता त्यांचा. मी म्हटलं, बरं वाटल्यावर करू. तर म्हणाल्या, नाही, आजच. मग मला बाहेर काढलं आणि एकट्याच बोलल्या. काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही."

"घसा बसल्याचं आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"कुणाला असणार? त्या आठवड्यात हवेत जुनीच रेकॉर्डिंग सोडली आम्ही. घरी नवरा, त्याला माहीत असेल. आणि मग चारपाच दिवसांत त्या गेल्याच की हो." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं होतं त्यांनी ती घरी नेली, नवऱ्याला ऐकवली. त्याच्यासाठीच तर होती. आता तुमच्याकडून कळतंय, नेलीच नाही."

"त्यांच्या लेकीशी या सगळ्याबद्दल कधी बोललात?"

"तिला मी आईच्या वेळेला लांबून पाहिलं तेवढंच. बोलणं असं कधी नाही."

मावशीनं मान डोलवली. "आता हे सांगा. 'पाठमोरी' ही कुठली गोष्ट?"

अण्णा आधी नुसते बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की ठसका लागला.

"गोष्ट? अहो, ती गोष्ट नाही! तो आमचा शब्द. केंद्रावरचा. गोष्टीचं नाव म्हणून लावलंत की काय तुम्ही?"

लावलं होतं बारकीनंच. तिनं खरोखरच 'शीर्षक' या रकान्यात 'पाठमोरी' असं टाकलं होतं.

"बघा," अण्णा म्हणाले, "बाईंना दोन बाजूंनी दोन माइक. त्या बरोबर मधे. एका माइकची तार मी उलटी जोडायची. म्हणजे डावीकडे आवाज जसा आहे तसा, आणि उजवीकडे तोच, पण उलटा. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे. म्हणून पाठमोरी. दोन कानांनी ऐकलंत तर बाई ऐकू येतात. एका बाजूनं ऐकलंत तर अगदी स्वच्छ. पण दोन्ही बाजू एकत्र केल्यात की संपलं. एकच दार दोघं दोन बाजूंनी सारख्याच जोरानं ढकलताहेत, दार हलेल का? तसा आवाज जागच्या जागी मरतो. जे मधे नाही, कडेला आहे, ते तेवढं उरतं."

"पान," बारकी म्हणाली. "घड्याळ."

"आमचं केंद्र दोन्ही बाजू एकत्र करूनच हवेत सोडायचं. त्यामुळे खासगी काही असलं की पाठमोरी करून ठेवायची. चुकून कुणी लावलीच तरी शहराला काही ऐकू जायचं नाही. कुलुपापेक्षा पक्कं."

बारकीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. बोलण्याच्या फायलींना एकच बाजू पुरते, म्हणून जागा वाचवायला तिनं सगळ्या फायलींच्या दोन्ही बाजू एकत्र केल्या होत्या. सरसकट. एका दमात, न ऐकता.

"मीच घालवला मावशी. सर म्हणत होते तेच खरं."

"अर्धं खरं," मावशी उठत म्हणाली. "आवाज तू घालवलास. मूळ फाईल तू नाही घालवलीस. आपण सगळे दोन गोष्टींसाठी एकच चोर शोधत बसलो, तिथे गाडी अडली. पहिलीत चोरच नाही, नुसती चूक आहे. आणि दुसरीतला चोर मला आता माहीत आहे."

५

दुसऱ्या दिवशीही दुपारच होती. या सगळ्या प्रकरणात जे काही झालं ते दुपारीच झालं, जणू बाईंचा अंमल अजून उठला नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानदार गल्ल्यावर मान टाकून पडले होते. म्हातारा आत झोपला होता, आणि स्वयंपाकघरात लेक गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत उभी होती.

"ताई," मावशी म्हणाली, "तुमच्या आईचा घसा बसलेला होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

लेकीनं दुधावरची नजर काढली नाही.

"तुम्ही तेव्हा या शहरात नव्हता. त्या आठवड्यात रेडिओवर जुनं लागत होतं. अण्णा तुमच्याशी बोललेले नाहीत. नव्या फाईलमध्ये आवाजच नाही. मग घोगरा की गोड, कसं कळणार? हे एकाच ठिकाणी कळतं. त्या जुन्या संगणकापाशी. त्याचा एक स्पीकर बंद आहे, त्यामुळे एकच बाजू वाजते, आणि एका बाजूनं बाई स्वच्छ ऐकू येतात."

"बाबांनी सांगितलं असेल मला. घशाचं."

"विचारू त्यांना? उठवते."

"नको!"

दूध वर आलं. तिनं गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकली. मग मागच्या फळीवरून साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह बाहेर काढला.

"फाईल यात घेतली, तिथली पुसली. हाही टाकून देणार होते," ती म्हणाली. "रोज ठरवत होते. पण आई आहे हो त्यात. हात होईना."

"काय ऐकलंत?"

"मी सहज लावलं. शेवटचं म्हणून. आणि आई म्हणाली..." तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "'मला आता या घरात राहायचं नाही. तू दिवसभर बाहेर असतोस. संध्याकाळी येतोस ते नुसता पडायला. मी आहे की नाही, हे तरी तुला कळतं का?' मी बंद केलं. पुढचं ऐकायची ताकद नव्हती. फाईलचं नाव पाठमोरी. आई बाबांकडे पाठ फिरवून चालली होती, आणि त्याआधीच गेली. हे बाबांनी आता ऐकायचं? कान जाता जाता शेवटचं हे ऐकायचं त्यांनी? आणि तेही सभागृहात, चारचौघांत?"

मावशीनं तिच्या हातातून पेनड्राइव्ह घेतला.

"मग तुमची ती नवी फाईल मुकी निघाली," लेक म्हणाली. "ती कुठे असते मला माहीतसुद्धा नव्हतं, मी तिला हात लावला नाही. मला वाटलं, आईलाच ऐकवायचं नसेल."

मावशीला तिचा राग आला नाही. बारकीला आला होता, पण तो उतरला. आणि तो उतरत असतानाच तिला काहीतरी टोचायला लागलं.

"ताई, सुरुवात काय होती?"

"सांगितलं की. 'मला आता या घरात राहायचं नाही.'"

"अगदी हेच पहिलं वाक्य?"

"हेच."

"नाही," बारकी म्हणाली. "तो संगणक पहिलं वाक्य गिळतो. तुम्ही ऐकलंत ते दुसरं असणार."

६

बारकीनं त्या दिवशी फाईल अशी हाताळली की तापलेल्या बाळाला कुणी उचलावं. पेनड्राइव्हवरून ती जुन्या संगणकात परत नेली, तिथून फ्लॅकमध्ये आणली. या वेळी दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या. मग उजवी बाजू सरळ केली, म्हणजे पाठमोरे दोघं एकदाचे एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी सॉफ्टवेअरनं नेहमीप्रमाणे विचारलं, फाईलच्या शेवटी बराच वेळ जवळजवळ शांतता आहे, ती कापू का? बारकीनं 'नाही' दाबलं. एकदा पोळली होती. आता ती या फाईलमधलं काहीच कापणार नव्हती.

संचालकांनी सभागृहाचा बेत गुंडाळला. मावशी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन आली होती. काय बोलली ते कुणाला कळलं नाही, बहुतेक नुसती थांबली असेल.

ऐकायचं ठरलं ते मावशीच्या काचेच्या खोलीत. तिथे बाहेरचा आवाज येत नाही आणि म्हाताऱ्याच्या उरल्यासुरल्या कानाला जेवढं झेपतं तेवढं मोजून देता येतं. म्हातारा आत बसला. काचेबाहेर लेक, बारकी आणि मावशी, तिघींच्या कानांना हेडफोन. म्हाताऱ्याचं बोलणं ऐकायला आतला माइक चालू.

लेक आधी तयार नव्हती. "पहिलं वाक्य काहीही असलं तरी पुढचं तेच आहे ना," म्हणत होती. मग तिनं काचेतून वडिलांकडे पाहिलं. त्यांनी केस ओले करून भांग पाडला होता. तिनं मान हलवली.

बारकीनं फाईल लावली.

पान उलटलं. घड्याळ टिकटिकलं. आणि मग, बसलेल्या घशातून, पण अगदी जवळून, दुपारच्या बाई बोलल्या.

"एका घरात एक झोप राहायची. एके दिवशी ती घरधन्याला म्हणाली, मला आता या घरात राहायचं नाही. तू दिवसभर बाहेर असतोस. संध्याकाळी येतोस ते नुसता पडायला. मी आहे की नाही, हे तरी तुला कळतं का?"

लेकीनं तोंडावर हात घेतला.

झोप रुसून घराबाहेर पडली. तिला शेजाऱ्यांनी बोलावलं, वाटेवरच्या झाडानं बोलावलं, वाण्याच्या पोत्यावरच्या मांजरानं तर जागाच सारून दिली. सगळ्यांकडे ती थोडी थोडी गेली. सगळे गाढ झोपले. पण झोपेला स्वतःला कुठे झोप येईना. शेवटी ती पुन्हा त्याच घराच्या पायरीवर येऊन बसली, घरधन्याची वाट बघत. काचेतून दिसत होतं, म्हाताऱ्याचे डोळे मिटले होते, खांदे उतरले होते. बारकीलाही पापण्या जड झाल्यासारखं वाटलं. सगळं शहर का झोपायचं ते आता कळत होतं.

"...आणि मग तो आला," बाई म्हणाल्या. "संपली गोष्ट. रोज सगळ्यांना सांगते, तू एकटाच राहून जातोस. म्हणून ही तुझी, तुझ्या एकट्याची. शेवटापर्यंत जागा आहेस ना? जागा असशील तर आता तू सांग. तू कधी काही सांगतच नाहीस. आज काय काय झालं, सांग. मी ऐकतेय."

आणि आवाज थांबला.

लेकीनं हेडफोन काढायला हात वर नेला. बारकीनं तो धरला. पडद्यावर फाईल अजून पुढे सरकत होती. घड्याळ टिकटिकत होतं. खुर्ची करकरली, कुणीतरी नीट सावरून बसल्यासारखी.

काचेआड म्हाताऱ्यानं डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. लाजल्यासारखा झाला.

"काय सांगू," तो म्हणाला. "विशेष काही नाही. तुझं ते कपाट तसंच आहे. पोरगी आलीय, रागावते मला औषधावरून. मागे पंपावर गेलो होतो सहज, आता नवीन यंत्रं आहेत, आवाजच करत नाहीत." त्यानं घसा खाकरला. "आणि आता मला ऐकू येत नाही फारसं. एक कान गेला. दुसराही जाईल म्हणतात. मग तुझं हेसुद्धा ऐकू येणार नाही बघ."

"हं," बाई म्हणाल्या.

बाहेर तिघी जागच्या जागी खिळल्या. म्हातारा मात्र दचकला नाही. त्यानं हेडफोन कानाशी घट्ट धरला, खुर्ची पुढे ओढली आणि बोलत राहिला.

थोड्या वेळानं पुन्हा आलं, जरा हसरं, जरा झोपाळलेलं.

"हं. मग?"